वालीला किती पॉइंट लावायचे?

गेल्या दिवाळीत पुसदला आमच्या गच्चीवर भांडण झालं. कारण होतं एक कागद.

आम्ही पाच जण, शाळेपासूनचे. चौघं नोकरीनिमित्त बाहेर, पाचवा गावातच दुकान सांभाळतो. सुट्टीत जमलो की टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो. हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण गेम मास्टर होतो आणि प्रसंग उभा करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं 'मी आता हे करतो' असं सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. पात्र म्हणजे एक कागद: काय येतं, किती येतं, काय येत नाही.

यंदा खेळ सुपरहिरोंचा होता. दुकानवाल्या मित्रानं कागदावर लिहिलं, 'जवळच्या माणसाची शक्ती उचलतो'. पहिल्याच लढाईत तो एकासारखा उडला, दुसऱ्यासारखी भिंत फोडली आणि तिसऱ्यासारखं शत्रूच्या मनातलं वाचलं. अर्ध्या तासात लढाई संपली, पण आमच्यातल्या तिघांनी फासे हातातही घेतले नव्हते. 'मग आम्ही काय टाळ्या वाजवायला बसलोय?' असं कुणीतरी म्हणालं आणि पेटलं.

गंमत म्हणजे त्याचा हिशेब पूर्ण बरोबर होता. एकही पॉइंट जास्त वापरलेला नव्हता. मग चुकलं कुठे? हे शोधायला थोडं मागे जावं लागतं.

दुसऱ्याच्या शक्ती उचलणारं पात्र अमेरिकन कॉमिक्समध्ये बरंच आधी आलं. 1960 साली डीसीच्या 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या 30व्या अंकात अमेझो नावाचा यंत्रमानव आला. तो सगळ्या जस्टिस लीगच्या शक्ती एकट्यात घेऊन उभा राहतो. 1963 साली मार्व्हलनं सुपर-स्क्रल आणला, त्याच्यात फँटास्टिक फोरच्या चारही शक्ती होत्या. 1966 साली 'एक्स-मेन'च्या 19व्या अंकात मिमिक आला. आसपास असलेल्यांच्या शक्ती त्याच्यात उतरतात. हे तिघंही पहिल्यांदा आले ते शत्रू म्हणून, हे लक्षात घ्या. एकटा सगळ्यांना पुरून उरतो, हे खलनायकाला शोभतं. तेच आपल्या गटात बसवायचं म्हटलं की अवघड होतं.

कॉमिक्समध्ये ही अडचण लेखक सोडवतो. कुणाला किती पानं द्यायची, हे त्याच्या हातात असतं. खेळात असा लेखक नसतो.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि हा छंद सुरू झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. एकाला येतं ते दुसऱ्याला येत नाही, म्हणून तिघांना एकमेकांची गरज. या छंदाचा पायाच हा आहे. उचलेगिरी करणारं पात्र नेमकं या पायालाच हात घालतं.

मग सुपरहिरोंचे खेळ आले. 1979 च्या 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज'मध्ये शक्ती फासे टाकून मिळायच्या. पडेल ते आपलं. त्यात न्याय नव्हता, पण वादही नव्हता. दोष फाशांना देता यायचा. 1981 साली जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांच्या 'चॅम्पियन्स'नं फासे बाजूला ठेवून सरळ दुकान मांडलं. प्रत्येकाला ठरावीक पॉइंट आणि प्रत्येक शक्तीला किंमत. शक्तीला अट लावली की किंमत कमी होते. वर एक शहाणा नियम: जी अट खेळात कधी आडवीच येत नाही, तिच्यावर सूट नाही.

पण उचलणाऱ्या शक्तीची किंमत लावायची कशी? उडण्याची किंमत ठरते, कारण उडणं म्हणजे काय ते आधीच माहीत असतं. इथे काय मिळणार हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. 'चॅम्पियन्स'च्या 1989 च्या आवृत्तीत यावर 'व्हेरिएबल पॉवर पूल' हे उत्तर आहे. आज रिकामं भांडं विकत घ्या, आत काय ओतायचं ते लढाईत ठरवा. पैसे भांड्याच्या आकाराचे आणि ते पटापट बदलण्याच्या सोयीचे. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. मेमरी आधी राखून ठेवायची, आत काय जाणार ते प्रोग्रॅम चालताना कळेल.

स्टीव्ह केन्सन यांच्या 2002 च्या 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स'नं पुढे हा हिशेब फारच सोपा केला. आम्ही हाच खेळ खेळतो. तिसऱ्या आवृत्तीत नेहमीच्या हिरोला 150 पॉइंट मिळतात. 'व्हेरिएबल' या शक्तीच्या प्रत्येक पायरीला 7 पॉइंट मोजायचे आणि वापरायला मिळतात 5. म्हणजे दहा पायऱ्यांना 70 मोजून हातात 50. वरचे 20 गेले ते मोकळीकीची किंमत म्हणून. आमच्या मित्रानं हेच केलं होतं. तरी भांडण झालं, कारण पॉइंट शक्ती मोजतात. टेबलाभोवतीची जागा मोजत नाहीत. त्याच्या शक्तीची खरी किंमत त्यानं नव्हे, बाकीच्यांनी मोजली होती.

हे लक्षात आलं तेव्हा मला वाली आठवला. वाल्मीकींच्या रामायणात वालीजवळ इंद्रानं दिलेली सोन्याची माळ आहे. समोर येणाऱ्याचं अर्धं बळ त्याला मिळतं, ही गोष्ट नंतरच्या लोकपरंपरेनं रुजवली आणि आपण सगळ्यांनी ती आजीकडून, कीर्तनातून ऐकलेली असते. आकडे घालून बघा. दोघांचं बळ 100. वालीनं अर्धं उचललं की तो 150 आणि समोरचा 50, म्हणजे सरळ तिप्पट. हीच नुसती नक्कल असती, तर 150 विरुद्ध 100 झालं असतं. काढून घेणं आणि नक्कल करणं, यांत एवढा फरक आहे.

पण या वराला एक अट आहे: शत्रू समोर हवा. राम झाडाआडून बाण मारतो. त्या बाणाच्या न्याय-अन्यायावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहे. खेळ रचणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं, तर ही अट खरोखर आडवी आली. 'चॅम्पियन्स'च्या नियमानं वालीला सूट मिळायला हरकत नाही.

'चॅम्पियन्स' आलं त्याच वर्षी, 1981 मध्ये, 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या दहाव्या वार्षिकांकात रोग आली. स्पर्श केला की समोरच्याची शक्ती तिच्यात येते आणि सोबत त्याच्या आठवणीही. मिस मार्व्हलच्या शक्ती तर तिच्याकडे कायमच्याच राहिल्या. तीही आली शत्रू म्हणूनच, पण दोन वर्षांत एक्स-मेनकडे आश्रयाला आली आणि तिथली लाडकी झाली. तिची अट सगळ्यांत कडक, म्हणूनच ती गटात बसली असं मला वाटतं. तिला कुणाचा हात हातात धरता येत नाही. जे घेते त्याची किंमत ती स्वतः भरते.

तिसरी वाट मला पुसदहून जवळच असलेल्या माहूरमुळे सुचली. आमच्याकडे नवरात्रात लोकांची रीघ तिकडे, रेणुकेच्या दर्शनाला. देवीमाहात्म्यातली देवी लढाईला निघते तेव्हा शंकर तिला त्रिशूळ देतो, विष्णू चक्र आणि इंद्र वज्र. तिच्यातही सगळ्यांच्या शक्ती एकवटतात, पण तिनं काहीच उचललेलं नसतं. ज्याचं होतं त्यानं आपणहून दिलेलं असतं. गोष्ट ऐकताना इंद्राचं वज्र वाया गेलं असं कुणाला वाटत नाही, उलट तोही त्या लढाईत सामील असतो.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी एक नियम मांडला. मित्रानं शक्ती उचलायची नाही, मागायची. ज्यानं द्यायची त्यानं 'घे' म्हणायचं, त्या फेरीत स्वतःची शक्ती बंद ठेवायची आणि मित्र ती कशी वापरेल हे त्यानंच सांगायचं. अट आडवी येणारी, म्हणून पॉइंटमध्ये सूटही दिली.

मित्र कागद खोडरबरानं पुसत होता. म्हणाला, 'तुमी वर्षातून एकदा येता बे. मले सारंच करून पाह्याचं होतं.'

कुणी काही बोललं नाही. मग जिचं पात्र उडायचं, ती मैत्रीण म्हणाली, 'घे.' तिनंच सांगायला सुरुवात केली, की हा आता गच्चीच्या कठड्यावर चढतो, खाली पूस नदी दिसते, आणि पाय सुटतात. त्या फेरीत फासे त्यानं टाकले. आकडा मात्र आम्ही पाचही जण वाकून बघत होतो.