मुंबईच्या चित्राचा सातबारा

आमच्या सारोळ्याकडे कुणाच्याही घरी बसा, चहा होईपर्यंत बोलणं जमिनीवर येतंच. गाव नीरेच्या काठी, पुणे-सातारा रस्त्यावर. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. अशा गावात वाढलं की एक गोष्ट लहानपणीच कळते. 'मालक कोण?' हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न आहेत. कागदावर नाव कुणाचं, ताबा कुणाचा आणि पैसे कुणाच्या घरून गेले. तिन्हींचं उत्तर एकच असेल तर भाऊबंदकी होत नाही. पण तसं क्वचितच असतं.

हेच तीन प्रश्न मला एका चित्राला विचारायचे आहेत. हे तैलचित्र आहे मुंबईचं, साधारण 1731 सालचं, आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे आहे. मुंबईचा किल्ला, किनाऱ्यावरच्या इमारती आणि समोरच्या पाण्यात डौलात उभी असलेली कंपनीची जहाजं. नेटवर शोधलंत तर सहज दिसेल.

चित्र दोघांनी मिळून काढलं. जमीन आणि इमारती जॉर्ज लँबर्टच्या, जहाजं सॅम्युअल स्कॉटची. गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीही हिंदुस्थानात पाऊल टाकलं नव्हतं. लँबर्ट निसर्गचित्रकार तर होताच, शिवाय लंडनच्या नाटकगृहांसाठी पडदे रंगवायचा. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्याकडून सहा चित्रं करून घेतली : मुंबई, मद्रास, कलकत्ता, तेलिचेरी, सेंट हेलेना आणि केप ऑफ गुड होप. 1732 मध्ये या सहा चित्रांचे 94 पौंड 10 शिलिंग चुकते झाले. म्हणजे एका चित्राला 15 गिनी. ती लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या मुख्य कचेरीत, संचालकांच्या दालनात लागली.

आता त्या संचालकांच्या जागी बसून भिंतीकडे बघा. समुद्र शांत, निशाण आपलं, जहाजं आपली. खरी परिस्थिती काय होती? कान्होजी आंग्रे 1729 मध्ये वारले होते, पण त्यांचा मुलगा सेखोजी कुलाब्याला सरखेल म्हणून बसला होता. मुंबई बंदराच्या तोंडापासून जवळच असलेली खांदेरी आंग्र्यांची. 1718 मध्ये इंग्रजांनी तिच्यावर हल्ला करून पाहिला आणि हात हलवत परतले. चित्रात आंग्र्यांचा मागमूस नाही. पुढे 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. तहाच्या बोलण्यासाठी एक कॅप्टन वसईकडे गेला, दुसरा शाहू महाराजांकडे. किल्ल्याभोवती खंदक खणायला शहरातल्या देशी व्यापाऱ्यांनी 30,000 रुपये वर्गणी काढून दिली. लंडनच्या भिंतीवरचा समुद्र मात्र तसाच शांत. नाटकाचा पडदा तो, मागे काय चाललंय ते त्याच्यावर कशाला उमटेल?

आता फेरफार पाहू. पहिली नोंद सोपी आहे. 1732, खरेदीदार ईस्ट इंडिया कंपनी. इथे प्रामाणिकपणे म्हणायला हवं की हे पैसे आपल्या शेतसाऱ्याचे नव्हते. प्लासी 1757 ची, बंगालची दिवाणी 1765 ची. 1732 मध्ये कंपनी व्यापारीच होती, तेव्हा चित्र तिच्या व्यापाराच्या पैशातलं. 'आमच्या पैशाने घेतलं, आमचं परत द्या' असं इतक्या सरळ म्हणता येत नाही.

दुसरी नोंद 1833 ची, आणि खरी मेख तिथे आहे. त्या सालच्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला. तिची मालमत्ता तिच्याकडे राहिली ती फक्त राजसत्तेची विश्वस्त म्हणून. बदल्यात भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश ठरला. भांडवल 60 लाख पौंड, म्हणजे वर्षाला 6,30,000 पौंड. हे पैसे कुठून द्यायचे? हिंदुस्थानच्या महसुलातून. 1858 मध्ये कंपनीचं राज्य गेलं, सगळं राणीच्या नावावर चढलं, तरी लाभांश चालूच राहिला. तो थांबला 1874 मध्ये, कंपनी विसर्जित झाली तेव्हा. रमेशचंद्र दत्तांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच दाखवून दिलं होतं. कंपनीकडून हिंदुस्थान विकत घेतला इंग्लंडच्या राजसत्तेने, किंमत भरली हिंदुस्थानने.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वाडा घेतला पाटलाने आणि हप्ते फेडले कुळाने. त्या वाड्याच्या भिंतीवर आपलं हे चित्र होतं. 15 गिनीचं मूळ बिल आपलं नसेल, पण वाड्याचे चाळीस वर्षांचे हप्ते आपले आहेत.

पुढच्या नोंदी भराभर होतात. लेडनहॉल स्ट्रीटची इमारत 1861 च्या सुमारास पाडली गेली आणि तिच्यातला संग्रह इंडिया ऑफिसकडे आला. 1947 मध्ये इंडिया ऑफिस संपलं, कारभार कॉमनवेल्थ खात्याकडे गेला, तिथून 1968 मध्ये परराष्ट्र खात्याकडे. 1982 मध्ये इंडिया ऑफिस लायब्ररी ब्रिटिश लायब्ररीकडे सोपवली गेली.

मधल्या काळात आपण गप्प बसलो नव्हतो. 1950 च्या दशकात भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून इंडिया ऑफिस लायब्ररीवर हक्क सांगितला. एरवी नदीच्या पाण्यावरून भांडणारे दोन भाऊ इथे एका बाजूला उभे होते! मुख्य मुद्दा ग्रंथांचा आणि हस्तलिखितांचा होता, पण जो न्याय पुस्तकाला तोच चित्राला. दाव्याचा निकाल काही लागला नाही. प्रकरण रेंगाळलं आणि विरून गेलं. ताबा जिथे होता तिथेच राहिला.

चित्र परत यावं का? खरं सांगू, मला तेवढी घाई नाही. ते तिथे नीट जपलेलं आहे, आणि त्यात आहे ती लंडनच्या दोन माणसांनी न पाहता रंगवलेली मुंबई. मला सलतं ते वेगळंच. चित्रापुढे उभ्या राहणाऱ्याला चित्रकार कळतात, कंपनी कळते, पण हप्ते कुणी फेडले हे कोण सांगणार?

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. जमीन ज्याच्या नावावर नाही, पण जिच्यात ज्याचा काही अडकलेलं आहे, त्याचं नाव तिथे येतं. बँकेचा बोजा असो, कुळ असो, नाहीतर बहिणीचा हिस्सा. त्या नावाने जमीन लगेच मिळत नाही. पण ते नाव वाचल्याशिवाय कुणाला व्यवहारही करता येत नाही. मुंबईच्या या चित्राच्या उताऱ्यावर मला तेवढी एक ओळ हवी आहे. नावं आपली सगळ्यांची, सीमेपलीकडच्यांचीसुद्धा.