बारामती-इंदापूरची पोरं मोबाईलवर नेमकं काय खेळतात? गेम, टूर्नामेंट आणि जुगार यातला फरक समजून घ्या

संध्याकाळी सातनंतर बारामतीच्या एमआयडीसीजवळच्या चहाच्या टपरीवर, भिगवण स्टँडवर, वालचंदनगरच्या कॉलनीत किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीच्या पारावर गेलात, तर चार-पाच पोरं मोबाईल आडवा धरून बसलेली दिसतील. कानात हेडफोन. तोंडानं, "नॉक झालोय, उचल की लेका!", "झोन आला, पळ!", "गाडी आण, गाडी आण!"

घरच्यांच्या भाषेत हे सगळं एकच, "पोरगं दिवसभर पब्जी खेळतंय." पण त्याच मोबाईलवर एक पोरगं फुकटचा गेम खेळत असतं, दुसरं टूर्नामेंटची तयारी करत असतं आणि तिसरं बापाच्या खात्यातले पैसे उडवत असतं. बाहेरून तिघंही सारखेच दिसतात. म्हणूनच हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा.

आधी काय खेळायचे?

गेमचं वेड काल-परवाचं नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याची कॅसेट होती. मारिओ आणि काँट्रा त्याच पिढीचे. पुढे तालुक्याच्या गावात सायबर कॅफे आले आणि कॉलेजची पोरं तासाच्या दरानं काउंटर स्ट्राइक आणि व्हाइस सिटी खेळू लागली. हे सगळं पैसे आणि जागा असलेल्यांपुरतं होतं. वाडी-वस्तीवरचा विरंगुळा म्हणजे कुस्ती, कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, कॅरम आणि पत्ते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गणित बदललं. मोबाईल डेटा एकदम स्वस्त झाला. २०१८ मध्ये पब्जी मोबाईल आला. महागडा कॉम्प्युटर नको, कॅफेला जायला नको, हातातला फोन पुरे. उसाच्या फडाशेजारच्या वस्तीवरचं पोरगं थेट दिल्ली-चेन्नईच्या पोरांशी खेळू लागलं.

आता कोणते गेम चालतात?

बीजीएमआय : पब्जीचंच भारतासाठी काढलेलं रूप. मोठ्या मॅचमध्ये १०० जण विमानातून बेटावर उतरतात, बंदुका शोधतात आणि शेवटी जो किंवा जी टीम उरते ती जिंकते. खेळायचं क्षेत्र हळूहळू आक्रसत जातं, त्याला पोरं 'झोन' म्हणतात. चार जणांच्या टीमला 'स्क्वॉड' म्हणतात. एक मोठी मॅच साधारण अर्धा तास चालते.

फ्री फायर मॅक्स : कल्पना तीच, पण खेळाडू साधारण ५० आणि मॅच दहा-पंधरा मिनिटांची. कमी रॅमच्या स्वस्त फोनवर चालतो, म्हणून गावाकडे याचा चाहतावर्ग मोठा.

लुडो किंग : नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनं २०१६ मध्ये काढलेला गेम. लॉकडाऊनमध्ये तो घराघरात पोहोचला. मावशी, आत्या, आजोबा सगळे यात असतात.

इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी आणि ट्रॅक्टरचे गेम : लहान पोरांचे लाडके. दारात खरा ट्रॅक्टर उभा असला तरी मोबाईलवरचा चालवायचा असतो!

इंडस : हा बॅटल रॉयल गेम पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. गेम खेळण्यापलीकडे तो बनवणं हेही काम असतं आणि ते पुण्यात चालतं, हे पोरांना सांगायला हरकत नाही.

गेमरचा दिवस कसा असतो?

गावाकडच्या गेमरचं वेळापत्रक शहरातल्यापेक्षा वेगळं असतं. शेतीपंपाला वीज कधी दिवसपाळीत, कधी रात्रपाळीत. रात्रपाळी असली की पाणी धरायला जावंच लागतं. एक वाफा भरेपर्यंत हाताला काम नसतं. तेवढ्यात बांधावर बसून एक छोटी मॅच होते. मोठी मॅच लावली तर एक तर पाणी फुटतं नाहीतर टीम हरते, म्हणून अनुभवी पोरं पाण्याच्या पाळीला छोटा मॅप लावतात.

ऊस कारखान्याला जाण्याच्या हंगामात घरात माणूस मोकळा नसतो, खेळ कमी होतो. अभ्यासिकेत एमपीएससी करणारी पोरं जेवणानंतर एक-दोन मॅच खेळून परत पुस्तकात जातात, किमान ठरवतात तरी तसं. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी तालुक्यातून जाते, तेव्हा काटेवाडीचं मेंढ्यांचं आणि बेलवाडीचं गोल रिंगण बघायला हीच पोरं गर्दी करतात. यात्रेला कुस्तीचा आखाडा असला की तिथंही असतात. म्हणजे मोबाईलनं जुना विरंगुळा पूर्ण गिळलेला नाही. त्याच्या शेजारी येऊन बसलाय.

रेंज हा मात्र रोजचा वैताग. आपण बटण दाबल्यापासून ती सूचना सर्व्हरला पोहोचून परत यायला लागणारा वेळ म्हणजे 'पिंग'. तो मिलिसेकंदात मोजतात. पिंग ४० असेल तर खेळ सुरळीत, २०० च्या पुढे गेला की आपण गोळी झाडायच्या आत समोरच्यानं आपल्याला पाडलेलं असतं. म्हणून घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, जिथं रेंज पकडेल तिथं पोरं बसतात.

मुलीही खेळतात, पण आवाज ऐकू आला की अनोळखी खेळाडूंकडून शिवीगाळ होते म्हणून बऱ्याच जणी माइक बंद ठेवतात किंवा ओळखीच्याच टीममध्ये खेळतात. फोन घरात एकच असेल तर त्यावर पहिला हक्क बहुतेक वेळा भावाचा, हेही आहेच.

गेम बंद झाले, परत आले, असं का?

गलवानच्या संघर्षानंतर केंद्र सरकारनं चिनी संबंध असलेल्या ॲपवर बंदी घालायला सुरुवात केली. २ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲप बंद झाली, त्यात पब्जी मोबाईल होता. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनं २ जुलै २०२१ ला तोच गेम बीजीएमआय नावानं आणला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५४ ॲपवर बंदी आली, त्यात फ्री फायर गेला. फ्री फायर मॅक्स मात्र चालू राहिला. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयसुद्धा स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. परत येताना वेळेची मर्यादा आली : १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६ तास.

यावर पोरांनी उपायही शोधला. आजोबांच्या नंबरवर दुसरा आयडी! म्हणून ॲपमधल्या मर्यादेवर विसंबून चालत नाही.

टूर्नामेंट म्हणजे काय आणि 'रूम' कशी लागते?

हौशी गेमरच्या जगात सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे 'कस्टम रूम'. आयोजक गेममध्ये स्वतंत्र मॅच तयार करतो. तिचा आयडी आणि पासवर्ड व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर ठरलेल्या वेळेला टाकतो. टीम आत येतात. शेवटपर्यंत किती टिकलात त्याचे आणि किती जणांना पाडलंत त्याचे गुण मिळतात. सरावाच्या अशा मॅचला 'स्क्रिम' म्हणतात.

फुकटची रूम असेल तर ती गावच्या क्रिकेट स्पर्धेसारखीच. गणपतीत, जयंतीला मंडळं अशा स्पर्धा ठेवतात. पोरांना टीम बांधायची, वेळ पाळायची, हरल्यावर शांत राहायची सवय लागते.

अडचण येते ती 'एंट्री फी'च्या रूममध्ये. प्रत्येकाकडून फी गोळा करायची, जिंकणाऱ्याला आणि दर किलमागे पैसे द्यायचे, उरलेले आयोजकानं ठेवायचे. पोरांना वाटतं ही टूर्नामेंट. कायद्याच्या नजरेतून मात्र प्रश्न वेगळा आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडचा जुगारविरोधी कायदा १८८७ सालचा. तेव्हा मोबाईल सोडा, वीजही घरोघरी नव्हती. पुढे वाद झाला तो 'कौशल्य की नशीब' यावर. रमीत कौशल्य लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये म्हटलं आणि त्याच आधारावर पैशांचे ऑनलाइन गेम वर्षानुवर्षं चालले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्यानं कौशल्य-नशीब हा वादच बाजूला ठेवला. त्यात तीन कप्पे आहेत :

१. ई-स्पोर्ट्स : नियमांनुसार मान्यता आणि नोंदणी असलेली स्पर्धा. इथं प्रवेश फी आणि बक्षीस चालतं, पैज चालत नाही.

२. सोशल गेम : विरंगुळ्यासाठीचे गेम. पैसे लावून पैसे जिंकण्याचा भाग नाही.

३. मनी गेम : पैसे भरायचे आणि त्या बदल्यात पैसे जिंकण्याची आशा ठेवायची. यावर बंदी. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, त्याला पीडित मानलंय.

सरकारच्या अंदाजानुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक अशा गेममध्ये वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावत होते. कायदा मंजूर होताच ड्रीम ११ सह मोठ्या कंपन्यांनी पैशांचे गेम बंद केले.

या सगळ्याचा इंदापूरशी एक योगायोगानं आलेला संबंधही आहे. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात बसलेले असताना मोबाईलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिनाअखेरीस खातेबदल झाला. कोकाटेंकडे क्रीडा खातं गेलं आणि तोवर क्रीडामंत्री असलेले इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे कृषिमंत्री झाले.

आता गावातल्या एंट्री फीच्या रूमकडे परत या. नोंदणी नाही, फी घेतली जाते, पैसे वाटले जातात. ती ई-स्पोर्ट्सच्या कप्प्यात बसवणं अवघड आहे. खेळणारा सुटेल, पण ग्रुपचा ॲडमिन म्हणून फी गोळा करणारं वीस वर्षांचं पोरगं अडकू शकतं. 'आपण तर फक्त रूम लावतो' हा बचाव पुरेल असं समजू नये.

मग गेममध्ये करिअर नाहीच का?

आहे, पण वाट अरुंद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं. २०२३ मध्ये झालेल्या हांगचौ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. मे २०२५ मध्ये बिहारच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तो प्रदर्शनी खेळ म्हणून होता. पण कुस्तीत जसा गावचा प्रत्येक पैलवान महाराष्ट्र केसरी होत नाही, तसंच हे. शिक्षण सोडून दिवसाला दहा तास खेळणं म्हणजे करिअर नाही. गेम बनवणं, डिझाइन, कोडिंग, स्पर्धेचं आयोजन, मराठी समालोचन या वाटा जास्त रुंद आहेत.

व्यसन कधी म्हणायचं?

जास्त खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. त्याच्या खुणा तीन : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं. हे साधारण वर्षभर चालू असेल आणि शिक्षण, काम, नाती बिघडत असतील तर तो आजार समजतात.

घरच्यांनी काय बघायचं?

'किती वेळ खेळतोस?' यापेक्षा 'यात पैसे भरावे लागतात का आणि परत मिळतात का?' हा प्रश्न जास्त कामाचा. खेळाडूचे कपडे, बंदुकीचे रंग घेण्यासाठी बीजीएमआयमध्ये 'यूसी' आणि फ्री फायरमध्ये 'डायमंड' विकत घेतात. तो खर्च असतो, जुगार नव्हे. पण तोही आईच्या यूपीआयवरून न विचारता होऊ नये.

रंग ओळखा, विमान उडतंय तोवर पैसे काढा, अशा ॲपची लिंक टेलिग्रामवर आली तर ती गेमची नाही. सुरुवातीला शे-दोनशे रुपये जिंकू देतात, विश्वास बसला की मोठी रक्कम बुडते. मग ती भरून काढायला कर्ज ॲप येतं. 'फ्री यूसी'च्या लिंक, मोड केलेले गेम आणि अनोळखी माणसाकडून आयडी खरेदी यातूनही खाती रिकामी होतात.

पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी. मन थाऱ्यावर नसेल, पोरगं बोलेनासं झालं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पोरानं पैसे हरल्याचं सांगितलं तर आधी हात उचलू नका. बहुतेक पोरं माराच्या भीतीनं गप्प राहतात आणि गेलेले पैसे परत मिळवायला आणखी पैसे लावतात. 'किती गेले ते सांग, बाकी आपण बघू,' एवढं घरातलं कुणी म्हणालं तरी पुढचं कर्ज टळतं.