तबकडीवरचं नाव

 

आज आम्ही एका तबकडीविषयी बोलणार आहोत. मार्च १९७४ मध्ये लतादीदी, म्हणजे लता मंगेशकर, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. परदेशातला त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम. पंडित नेहरूंच्या स्मृतीसाठी निधी जमवायचा होता. समोर लोक बसलेले असताना त्या जे गायल्या तेच टेपवर घेतलं आणि पुढं त्याच्या लाँग प्ले तबकड्या निघाल्या.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. आता कुणी हळदीला गायलं तरी दहा मोबाइल वर होतात. पण सिनेमाचं गाणं हे तेव्हा बंद खोलीतलं काम होतं. काचेपलीकडं तंत्रज्ञ, हातात कागद, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मग तो आवाज पडद्यावरच्या नटीच्या ओठांवर जायचा. थेटरात शिट्ट्या आणि टाळ्या पडायच्या त्याही नटीलाच.

१९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लतादीदी अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. पाच भावंडांत थोरल्या. घर चालवायचं म्हणून त्या कामाला लागल्या. घरातली थोरली म्हणजे काय, ते आपल्यातल्या पुष्कळजणींना सांगायला नको.

पुढं १९४९ मध्ये ‘महल’ सिनेमा आला. त्यातलं मधुबालावर चित्रित झालेलं गाणं देशभर गाजलं. पण तबकडीवर गाणारीचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी कोण, तर सिनेमातलं पात्र. गायली हाडामांसाची बाई आणि नाव लागलं गोष्टीतल्या बाईचं! ही गाणारी कोण, असं विचारणारी पत्रं रेडिओकडं येऊ लागली. मग कंपनीकडून खरं नाव मागवून ते रेडिओवरून सांगावं लागलं. रेडिओचं हे काम आम्ही रेडिओवाल्या जरा जास्तच अभिमानानं सांगतो, ते चालवून घ्या.

याआधी, १९०२ मध्ये कलकत्त्यात गोहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हाची रीत वेगळी होती. गाणं संपलं की त्या स्वतःच आपलं नाव मोठ्यानं सांगायच्या. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून. होती ती कामाची सोय, पण बाईनं आपलं नाव आपल्या तोंडानं सांगितलं.

लतादीदींनाही मान मागून घ्यावा लागला. ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या समारंभात गायला त्यांनी नकार दिला. गाणाऱ्यांना पुरस्कारच नाही, तर गायचं कशाला? १९५९ पासून गायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला.

हे सगळं मागं ठेवून लंडनचा कार्यक्रम पाहा. पडद्यावर ज्यांचा चेहरा लोकांनी वर्षानुवर्षं पाहिला ते दिलीपकुमार मंचावर आले आणि त्यांनी लतादीदींची ओळख करून दिली. मध्ये नटी नाही, पडदा नाही. चपला काढून गायची त्यांची रीत. चुकलं तर पुन्हा घेण्याची सोय नाही.

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. लाँग प्लेवर वीस मिनिटांहून जास्त. म्हणून गाण्याबरोबर टाळ्याही ठेवता आल्या. आम्हाला विचाराल तर त्या टाळ्यांतच या तबकडीचा जीव आहे. त्या थेट गाणारीला मिळालेल्या आहेत. त्या काळी ब्रिटनमध्ये आपल्याकडची खूप माणसं होती. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेली हजारो भारतीय कुटुंबंही तिथं आली होती. मुळा कारखान्यावर ऊसतोडीला आलेली माणसं रात्री कोपीत गावाकडची गाणी लावतात ना, घरापासून लांब असलेल्याला गाण्याचं मोल त्यांच्याइतकंच कळतं.

आपल्या बाजूच्या बायांचं गाणं कुणी टिपलं का? टिपलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सांगायचं म्हणजे, ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदवलं.

आमच्याकडं ओव्या द्यायला येणाऱ्या आज्या मात्र नाव विचारलं की म्हणतात, ‘नाव कशाला गं, गाणं घे की.’ आम्ही ऐकत नाही. आधी नाव, मग गाव, मग ओवी, असं ठरवलंय. मागच्या खेपेला एका आजीनं सासरचं नाव सांगितलं. मग जरा थांबली आणि हळूच माहेरचंही सांगितलं. आम्ही दोन्ही ठेवलीत.