घाटवाट, ओझे आणि पाठ

पुण्याहून मुंबईच्या जुन्या रस्त्याने निघालात, म्हणजे देहूरोड मागे पडल्यावर घोरावडेश्वराचा डोंगर लागतो आणि मग येतो सोमाटण्याचा फाटा. या फाट्यावर घटकाभर उभे राहून पाहा. मालमोटारींची रांग काही तुटत नाही. लोखंड, धान्य, भाजीपाला, यंत्रे, जे म्हणाल ते चाकांवरून पळत असते. तेवढ्यात कडेने एखादी बाई डोक्यावर मोळी घेऊन जाते. आणि सुटीचा दिवस असला तर लोहगड-तिकोन्याकडे निघालेली कॉलेजची मुले पाठीला भल्यामोठ्या सॅक लावून उतरतात. चाक, डोके आणि पाठ! ओझे वाहण्याच्या या तिन्ही तऱ्हा या एकाच रस्त्यावर नांदत आहेत, आणि त्यांतली पाठ आणि डोके ही चाकाहून कितीतरी जुनी आहेत.

तुम्ही म्हणाल, ओझ्याला कसला आलाय इतिहास! इतिहास राजांचा, लढायांचा, फार तर देवळांचा. पण मावळचा इतिहास ओझे बाजूला ठेवून सांगताच येत नाही. याचे कारण जमिनीतच आहे. एका अंगाला देश, दुसऱ्या अंगाला कोकण, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. मीठ वर यायचे, धान्य खाली जायचे. कोणी तरी ते उचलल्याशिवाय ते जाणार कसे?

कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच वाटेवर आहेत, ती काही योगायोगाने नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी बंदरांकडे जाणारा व्यापारी माल या घाटमाथ्यावरून जात होता, आणि त्या व्यापाराच्या पैशातून हे कातळ कोरले गेले. कार्ल्याच्या लेण्यात दात्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, यवन आहेत, सुतारही आहे. पण ती सुगंधी द्रव्ये ज्याने पाठीवरून घाटापार नेली, त्या माणसाचे नाव तुम्हाला कोठेही सापडणार नाही. माल कोणाचा, हे दगडावर राहिले. ओझे कोणाचे, हे राहिले नाही. ही गोष्ट एवढ्यासाठी लक्षात ठेवा की, पुढच्या सबंध कथेत ती आपल्याबरोबर येणार आहे.

नाव राहिले नसले तरी त्याची अक्कल मात्र राहिली आहे. ती त्याच्या साधनांत आहे. डोक्यावर भार घ्यायचा तर आधी फडक्याची चुंबळ करायची. का? तर भार एका बिंदूवर न येता गोल पसरावा, हंडा डुलू नये आणि मान सरळ राहावी. कावड पाहा. बांबूच्या दोन टोकांना दोन शिंकी; दोन्हीकडे सारखा भार. एकाच हातात घागर घेऊन शंभर पावले चाला आणि कावडीने दोन घागरी घेऊन चाला, फरक लगेच समजेल. शिवाय बांबू चालीबरोबर लवतो आणि खांद्याला बसणारा हिसका आपण गिळतो. पालखीचे भोई पावलाला पाऊल जुळवून चालत, ते काही शोभेसाठी नव्हे. पाऊल चुकले की दांडा उसळतो आणि सगळे वजन एकाच्या खांद्यावर येते. हे शास्त्र कोणी पुस्तकात लिहिले नव्हते. मानेने मानेला आणि खांद्याने खांद्याला शिकविले होते.

माणसाच्या जोडीला बैल. वंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन देशभर फिरत. बैलाच्या पाठीवर आडवी गोण टाकायची, दोन्ही बाजूंना सारखी भरलेली. म्हणजे कावडीचेच तत्त्व, पण चार पायांवर. सतराव्या शतकात तव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला. त्याने एकेका तांड्यात दहा-दहा, बारा-बारा हजार बैल पाहिल्याचे लिहिले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला म्हणजे तो संपेपर्यंत प्रवाशाने बाजूला बसून राहायचे!

आता लढायांकडे वळू. मावळात दोन मोठ्या फौजा आपल्याच ओझ्याखाली सापडल्या. पहिली १६६१ सालची. शाइस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले. तो लोहगडाच्या बाजूने कुरवंड्याचा घाट उतरून उंबरखिंडीच्या रानात शिरला. बरोबर मोठा लवाजमा, आणि वाट अशी की दोन माणसांनी शेजारी चालू नये. फेब्रुवारीच्या आरंभी शिवाजी महाराजांनी त्याला तेथे पुढून-मागून कोंडले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, पाणी मिळेना. रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला, खंडणी दिली आणि सामान तेथेच टाकून जीव घेऊन गेला. मावळ्यांचा विजय तलवारीचा होता हे खरेच. पण त्यांच्या पाठीवर ओझे थोडे होते, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट तर सोमाटण्याच्या अगदी शेजारची. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचे म्हणून मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३९०० लोकांची फौज १७७८ च्या डिसेंबरात बोरघाट चढून वर आली. लढणारे एवढे, पण त्यांच्यामागे तोफा, तंबू, दारूगोळा, साहेबलोकांचे सामान आणि हे सारे ओढणारे, वाहणारे हजारो बैल आणि नोकरचाकर. ही शेपटी एवढी लांब झाली की खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतच्या अवघ्या सात-आठ मैलांना अकरा-बारा दिवस लागले. दिवसाला धड एक मैलसुद्धा नाही! याच चालीत ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या बखरींतला ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्याजवळ पडला.

मराठ्यांनी काय केले? महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी समोरासमोर घाई केलीच नाही. वाटेवरचे गवत जाळले, गावे रिकामी केली. ९ तारखेला इंग्रज तळेगावास पोचले, तो गाव उजाड आणि जळत असलेले. जनावराला वैरण नाही, माणसाला दाणा नाही. पुणे उरले होते जेमतेम अठरा मैल. पण तळेगावापुढे सोमाटण्याच्या अंगाला सरकण्याची हिंमत त्या फौजेला झाली नाही. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून दिल्या, सामानसुमान पेटवून दिले आणि माघार सुरू झाली. वडगावात ती घेरली गेली आणि १६ जानेवारीस वडगावचा तह झाला. ज्या तोफा घाटावर चढविताना शेकडो बैलांचे खांदे सोलून निघाले, त्या शेवटी तळ्याच्या गाळात गेल्या.

इंग्रज यातून शिकले, हे मान्य करायला हवे. १८०३ साली जनरल वेलस्ली पुण्यास आला, तेव्हा त्याच्या पत्रांत तोफांइतकीच चिंता बैलांची आणि वंजाऱ्यांची दिसते. पुढे बोरघाटाचा गाडीरस्ता झाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० साली, तो खुला झाला. घाटातला अमृतांजन पूल त्याच काळचा. तो २०२० साली पाडण्यात आला. गाडी आली तशी बैलाच्या पाठीवरची गोण हळूहळू उतरली. मग आगगाडी. १८५६ साली घाटातले काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढून आली. पंचवीस बोगदे! तोपर्यंत मधल्या काळात प्रवासी खोपोलीस उतरून पालखीने, तट्टाने नाही तर गाडीने खंडाळ्यास येत. पण हा लोहमार्ग उभारला कशाने? डोक्यावरच्या पाट्यांनी आणि घमेल्यांनी. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले कितीतरी गेले. माणसाच्या डोक्यावरचे ओझे उतरविणारी आगगाडी माणसांच्याच डोक्यावरून वर आली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आणि तरी ओझे उतरलेच नाही. साहेब शिकारीला निघाला, अंमलदार फिरतीवर आला, की सामान उचलायला गावची माणसे वेठीस धरायची, हा रिवाज जुन्या राजवटीत होता तसाच नव्यातही चालला. तंबू, पलंग, खाण्याच्या पेट्या आणि परत येताना शिकार, सगळे दुसऱ्याच्या माथ्यावर. ओझे किती, वाट कुठली, मजुरी काय, हे वाहणाऱ्याने विचारायचे नाही. या वेठीचा मोठा भार महार वतनदारांवर पडे. म्हणून तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. १९५० साली राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार बेकायदा ठरली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर यावे एवढ्यासाठी हमालांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. पोत्याचे वजन ठरविणारा एक आणि ते पाठीवर घेणारा दुसरा असला, म्हणजे असेच व्हायचे.

जेथे ठरविणारा आणि वाहणारा एकच होता, तेथे काय झाले पाहा. नॉर्वेमधल्या ओले बर्गन या माणसाची हकिकत सांगतात. १९०८ साली तो शिकारीला गेला असता पाठीवरची पिशवी ओघळून त्याला बेजार करू लागली. त्याने एक फांदी आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकविली आणि पिशवीला आतून लावली. भार पाठीला चिकटून बसला. पुढच्याच वर्षी त्याने चौकटीच्या पिशवीचे पेटंट घेतले. १९५० नंतर अमेरिकेत डिक केल्टी याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी चौकट आणि तिला कमरेचा पट्टा अशी पिशवी बाजारात आणली. खांद्यावरचा भार कमरेच्या हाडावर उतरला, आणि तेथून थेट पायांवर. आजची शिकारी सॅक, जिच्यावरून मणभर मांस डोंगरातून खाली आणतात, ती याच दोन युक्त्यांची नात.

नेपाळच्या हमालाने तर पट्टा कपाळावर घेतला. त्याचा डोको म्हणजे बांबूची टोपली, आणि नामलो म्हणजे कपाळपट्टा. बेल्जियमच्या संशोधकांनी नामचे बाजारच्या वाटेवर या हमालांची मोजमापे घेतली आणि २००५ साली ती प्रसिद्ध केली. पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भार वाहत होते, स्त्रिया दोनतृतीयांश. पण ते हळू चालतात आणि वरचेवर थांबतात. हेही शास्त्रच.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु जड ओझ्याची सॅक गड चढणाऱ्याला लागते, डोंगरातल्या वाडीवर औषधे नेणाऱ्याला लागते, बचावाचे दोर वाहणाऱ्या तरुणांना लागते. तेव्हा ती घ्यायची कशी, ते या इतिहासातूनच काढू.

पहिली गोष्ट, पिशवी उंचीवर घेऊ नका, पाठीवर घ्या. मान खाली वाकविली की मागे एक मणका वर येतो. तेथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत जेवढे अंतर, ते तुमचे माप. दोन सारख्या उंचीच्या माणसांत हे माप वेगळे असू शकते. दुसरी, कमरेचा पट्टा हाडावर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. तो आवळल्यावर खांद्याचे पट्टे सैल करून पाहा. भार कमरेवर राहिला तर पिशवी तुमची. तिसरी, चौकट वजनाखाली वाकू नये, आणि जड भार टेकवायला खाली फळी असली तर उत्तम. चौथी, दुकानात रिकामी पिशवी घालून आरशात पाहू नका. दहा-पंधरा किलो भरा, जिना चढा, उतरा, पाव तास हिंडा. भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांमध्ये. हलक्या वस्तू खाली आणि बाहेर. दोन्ही बाजू सारख्या, वंजाऱ्याच्या गोणीसारख्या. आणि मावळात चालायचे तर पावसाचा विचार हवाच. भिजून पाणी धरणारे कापड म्हणजे फुकटचे दोन-तीन किलो.

पण सर्वांत मोठा धडा तळेगावच्या तळ्याचा आहे. उत्तम पिशवी म्हणजे अधिक भरण्याची परवानगी नव्हे. निघण्यापूर्वी सामान जमिनीवर मांडा आणि घाटात जे टाकून द्यावे लागेल ते घरीच ठेवा. उरलेले उचलताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : हे मी स्वतः वाहणार आहे की दुसरा कोणी? दुसरा असेल, तर पट्टा त्याच्या कमरेला बसतो का ते पाहा, वजन त्याला विचारून ठरवा आणि दाम पुरते द्या. कार्ल्याच्या खांबांवर ज्याचे नाव कोरायचे राहून गेले, त्याचे देणे आपण एवढ्याने तरी थोडेसे फेडू शकतो.