लंडनची गटारे

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी कुजली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवावे लागले. त्याआधी पटकीच्या साथींत हजारो गरीब मेले होते. तेव्हा पैशाचा वाद मिटत नव्हता. (मेलेल्यांचा वास सभागृहापर्यंत पोहोचत नसावा.) आता मात्र काही आठवड्यांत कायदा झाला.

जोसेफ बाझलजेट या अभियंत्याने नदीला समांतर ८२ मैलांची मुख्य गटारे बांधून मैला शहराच्या पूर्वेला खाली नेला आणि ओहोटीबरोबर नदीत सोडला. बांधकाम अव्वल, यात शंका नाही. १८६५ मध्ये युवराजाच्या हस्ते थाटात उद्घाटन झाले.

पण कामाचा क्रम पाहा. १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली ती पूर्व लंडनमध्ये, गोदी कामगारांच्या वस्त्यांत. तिथली गटारे अजून नव्या व्यवस्थेला जोडलेली नव्हती आणि पाणी कंपनीने न गाळलेले पाणी नळांत सोडले होते. पाच हजारांवर माणसे गेली.

हीच विद्या इंग्रजी अमलाबरोबर मुंबईलाही आली. गटाराचा उतार गणिताने ठरला. त्यात उतरायचे कोणी, हे जातीने ठरले. १९९३ व २०१३ चे कायदे झाले, त्यानंतरही मॅनहोलमध्ये माणसे गुदमरून मेली.