बिछाना, तिकीट आणि यादी

युरोपातल्या विद्यार्थी-सहलींची वंशावळ सांगायची झाली की बहुतेक लेखक ‘ग्रँड टूर’पासून सुरुवात करतात. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधल्या सरदार घराण्यांतले तरुण शिक्षण संपवून पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम अशी वर्ष-दोन वर्षांची भ्रमंती करत. सोबत एक शिक्षक असे. लोक त्याला थट्टेने ‘अस्वलवाला’ म्हणत, कारण दांडग्या पोराला गावोगाव फिरवून सांभाळून परत आणणे हेच त्याचे काम. ही वंशावळ ऐकायला झोकदार आहे, पण मला ती खोटी वाटते. आजच्या सहलीने त्या सरदारपुत्रांकडून ठिकाणांची नावे घेतली, बाकी काहीच नाही. चाळीस मुले, दोन शिक्षक आणि मोजके पैसे घेऊन निघणाऱ्या गटाचे खरे प्रश्न वेगळेच असतात. रात्री झोपायचे कुठे, चाळीस जणांचे भाडे कसे परवडायचे, आणि सरहद्दीवरच्या शिपायाला कोणता कागद दाखवायचा? ज्याच्याकडे स्वतःची घोडागाडी, नोकर आणि सावकाराच्या हुंड्या होत्या त्याला यातला एकही प्रश्न कधी पडला नाही. विद्यार्थी-सहलीचा इतिहास हा भटकण्याच्या ओढीचा इतिहास नाही, कारण ओढ सगळ्याच काळांत होती. तो या तीन कंटाळवाण्या प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे, आणि ती उत्तरे शोधणारे लोक बहुतांशी शाळामास्तर, रेल्वेचे अधिकारी आणि सरकारी कारकून होते.

सहलीचा खरा पूर्वज हवाच असेल तर तो जिनिव्हात सापडतो. रोडॉल्फ टॉप्फर हा तिथे एक निवासी शाळा चालवत असे. चित्रकथांचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचे नाव आज अधिक घेतले जाते, पण १८२० आणि १८३०च्या दशकांत तो दरवर्षी सुटीत आपल्या विद्यार्थ्यांना पायी आल्प्स ओलांडून नेत असे, आणि परतल्यावर त्या प्रवासाची सचित्र हकिकत लिहीत असे. त्यांतल्या काही हकिकती १८४४ मध्ये पॅरिसला पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. निसर्गाच्या भव्यतेवर त्या काळी ढिगाने लिहिले जात होते. टॉप्फरचे वेगळेपण असे की त्याच्या पानांवर भूक आहे, पाऊस आहे, पाठीवरची पिशवी आहे आणि खाणावळवाले आहेत. मात्र त्याची मुले सधन घरांतली होती, मुक्कामाला पैसे देऊन सरायांत उतरत होती. गरीब मुलाला यात जागा नव्हती. शतकाच्या अखेरीस लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निकने आपल्या कारागीर आणि कारकून विद्यार्थ्यांना युरोपात नेण्याची सोय केली. तिच्यातून पुढे एक मोठी प्रवास-कंपनीच उभी राहिली. हा प्रयोग महत्त्वाचा खरा, पण तो मोठ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेच्या बळावर उभा होता. खेड्यातल्या किंवा गिरणीच्या गावातल्या शाळेने तो उचलावा असा नव्हता.

असा उचलता येण्याजोगा उपाय एका प्राथमिक शिक्षकाला सुचला. रिचर्ड शिरमान हा जर्मनीतल्या वेस्टफालिया भागातल्या आल्टेना या गावी शिकवत असे. तारा ओढण्याच्या कारखान्यांचे हे गाव, त्यामुळे वर्गात कामगारांची मुले. धुरात वाढणाऱ्या या मुलांना तो वर्गाबाहेर काढून रानात, डोंगरात चालायला नेई. २६ ऑगस्ट १९०९ रोजी आल्टेनाहून आखेनकडे पायी निघालेल्या त्याच्या गटाला वादळी पावसाने गाठले. ब्रोल नदीच्या खोऱ्यातल्या एका शाळेची खोली आणि अंथरायला पेंढा मिळाला, आणि रात्र निभावली. मुले झोपली, हा जागा राहिला. त्या रात्री त्याच्या मनात आलेला विचार हिशेबाचा होता. सुटीत देशभरातल्या शाळा रिकाम्या पडतात. प्रत्येक शाळेतल्या दोन खोल्या, एक मुलांसाठी आणि एक मुलींसाठी, बाके सरकवून मोकळ्या केल्या तर एका दिवसाच्या चालीवर एक असे निवाऱ्यांचे जाळे आपोआप तयार होते. नवे काही बांधायला नको. ही कल्पना त्याने १९१० मध्ये कोलोनच्या एका वृत्तपत्रात मांडली, आल्टेनातल्या शाळेत करून पाहिली, आणि १९१२ मध्ये गावच्या दुरुस्त केलेल्या किल्ल्यात लाकडी मजल्यांच्या खाटा टाकून कायमचे युवा-वसतिगृह उभे केले. त्या खोल्या आज संग्रहालय म्हणून जपल्या आहेत.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शिरमानच्या आधीच बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झमध्ये ‘वांडरफोगेल’ ही तरुणांची चळवळ उभी राहिली होती. हायस्कूलची पोरे गिटार घेऊन रानोमाळ फिरत, गवताच्या गंजीत झोपत, चुलीवर शिजवत. १९०१ मध्ये तिची रीतसर संघटना झाली. मग श्रेय व्यवस्थेला कसे, उत्साहाला का नाही? उत्तर सोपे आहे. गवताच्या गंजीत झोपणे हे हौसेने जमते, पण त्यासाठी शेतकऱ्याने ओळखीने दार उघडावे लागते. कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ‘चांगल्या घरातला’ दिसणारा मुलगा ती ओळख सोबत घेऊनच फिरत असतो. कारखान्याच्या गावातली तीस मुले अंधारात दारात उभी राहिली तर कोणता शेतकरी कोठार उघडेल? त्यांना मेहेरबानीची नाही, ठरलेल्या दराच्या आणि नावाने नोंदलेल्या बिछान्याची गरज होती. वांडरफोगेलने गाणी दिली हे मान्य, पण आज युरोपभर उभ्या असलेल्या वसतिगृहांचा पाया मास्तरच्या हिशेबात आहे. शिरमानला विल्हेल्म म्युंकर नावाचा एक कारखानदार भेटला, त्याने संघटनेचा सगळा काटेकोरपणा आणला, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत अशी दोन हजारांहून अधिक वसतिगृहे होती. १९३० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये संघटना झाली. तिथे रात्रीचा दर एक शिलिंग. १९३२ मध्ये अकरा देशांच्या संघटना ॲम्स्टरडॅमला एकत्र आल्या आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. सभासदाला परदेशातल्या वसतिगृहाचे दार उघडे करणे हे अशा महासंघाचे रुक्ष पण मोलाचे काम. रात्री ठरल्या वेळी दिवे बंद, सकाळी झाडलोट आणि भांडी, मुलामुलींच्या खोल्या वेगळ्या, स्वतःची चादर आणायची, या नियमांवर पुढच्या पिढ्यांनी भरपूर विनोद केले. पण आईबाप मुलीला परदेशी पाठवायला तयार झाले ते या नियमांमुळेच.

व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची काळी बाजू लपवून चालणार नाही. १९३३ नंतर हीच जर्मन वसतिगृहे हिटलर युवा संघटनेच्या ताब्यात गेली, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष असलेल्या शिरमानला १९३६ मध्ये पद सोडावे लागले. तरुणांना एकत्र झोपवणारे आणि एकत्र चालवणारे जाळे कवायतीसाठीही तितकेच सोयीचे निघाले. यावरून कोणी म्हणेल की मुळात अशी योजनाबद्ध सहलच संशयास्पद. मला ते पटत नाही. महायुद्धानंतर ज्या दोन देशांनी तीन पिढ्या एकमेकांची माणसे मारली त्यांनीच याच साधनाचा उलटा उपयोग केला. जानेवारी १९६३ मधल्या एलिझे करारानंतर त्याच वर्षी फ्रान्स आणि जर्मनीने संयुक्त युवा कार्यालय स्थापन केले. शालेय गटांच्या आणि तरुणांच्या जाण्यायेण्याला सरकारी पैसा मिळू लागला, आणि लाखो मुले ऱ्हाईनच्या पलीकडे जाऊन आली. साधन तेच होते. सहलीची यादी कोण करतो आणि कशासाठी, एवढाच फरक होता.

तिकिटाची गोष्ट त्या मानाने लवकर सांगून होते. गटासाठी घाऊक भाडे ठरवण्याची युक्ती थॉमस कुकने जुलै १८४१ मध्येच वापरली होती. लेस्टरहून लफबरोला त्याने सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात नेली, तीही दारूबंदीच्या सभेसाठी. पण देशोदेशींच्या रेल्वे वेगळ्या, त्यांचे दर वेगळे, आणि विद्यार्थ्याला प्रत्येक सरहद्दीवर नवा हिशेब. हा गुंता सुटला तो १९७२ मध्ये, आणि तोही जवळजवळ अपघाताने. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाला पन्नास वर्षे झाली म्हणून एका वर्षापुरता ‘इंटररेल’ पास काढला गेला. एकवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना एकवीस देशांत महिनाभर दुसऱ्या वर्गाने कितीही प्रवास करता येई, स्वतःच्या देशात मात्र निम्मे भाडे. मागणी इतकी आली की समारंभ संपला तरी पास राहिला, आणि वयाची मर्यादा आधी तेवीस, मग सव्वीस झाली. हा पास एकेकट्याचा, गटाचा नव्हे, हे खरे. पण सहलीचा खर्च निघण्याआधीच नेमका सांगता येणे ही गोष्ट त्याने सवयीची केली. युरोपाबाहेरच्यांसाठी ‘युरेल’ पास १९५९ पासूनच होता. सुरुवातीला तो पहिल्या वर्गाचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरचा.

राहिला कागद, आणि माझ्या मते सगळ्यात निर्णायक तोच. पहिल्या महायुद्धापूर्वी रशिया आणि तुर्की साम्राज्य सोडता युरोपात फिरायला बहुतेक ठिकाणी पासपोर्ट लागत नसे. युद्धाने तो आणला, आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने त्याचा नमुना ठरवून त्याला कायमचा केला. प्रौढ प्रवाशाने एकदा पासपोर्ट काढला की सुटला, पण शाळेच्या दृष्टीने हे चाळीस घरांचे चाळीस अर्ज, चाळीस शुल्के आणि त्यांतला एक तरी उशिरा येणारा. यावर युरोप परिषदेने डिसेंबर १९६१ मध्ये एक करार केला. एकवीस वर्षांखालच्या पाच ते पन्नास तरुणांच्या गटाला एकच सामूहिक पासपोर्ट चालेल, फक्त गटप्रमुखाकडे स्वतःचा पासपोर्ट हवा. पुढे १९९४ मध्ये युरोपीय संघाने आणखी एक अडचण ओळखली. वर्गात परदेशी नागरिकत्वाची मुले असतात. सगळा वर्ग जातो आणि व्हिसा नाही म्हणून तेवढेच मूल मागे राहते. म्हणून शाळेने प्रमाणित केलेल्या प्रवाशांच्या यादीत नाव असले की त्या मुलाला वेगळा व्हिसा नको, असा निर्णय झाला. एका छापील यादीने वर्ग अखंड ठेवला.

कागद खरोखरच इतका निर्णायक असतो का, की सहली एरवीही झाल्याच असत्या? इतिहासात अशी शंका तपासून पाहण्याची संधी क्वचित मिळते. इथे ती मिळाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याने युरोपीय ओळखपत्रे स्वीकारणे थांबवले आणि ती प्रवाशांची यादीही बंद केली. लंडन जागेवरच होते, बोगद्यातली रेल्वे धावत होती, मुलांची इंग्रजी शिकण्याची गरज तशीच होती. तरीही फ्रान्स-जर्मनीतल्या शाळांच्या सहली झपाट्याने घटल्या. काही आयर्लंडकडे वळल्या. महासाथीचा परिणाम होताच, पण महासाथ ओसरल्यावरही शाळा परतेनात, तेव्हा ब्रिटनला चूक उमगली. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस फ्रान्समधल्या शाळांच्या गटांसाठी जुनी सवलत बऱ्याच अंशी परत आणावी लागली. मुलांची ओढ कुठे गेली नव्हती, गेला होता तो कागद.

यावर आजचा तरुण वाचक म्हणेल की हे सगळे जुने झाले. आता स्वस्त विमाने आहेत, फोनवर दोन मिनिटांत खोली मिळते, शेंगेनमुळे सरहद्दी उरल्या नाहीत. एकट्या प्रवाशापुरते हे बरोबर आहे. गटाचे गणित मात्र वेगळेच राहते. स्वस्त विमानाचे तिकीट नावाला बांधलेले असते, एक मुलगा आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा नेण्याला दंड बसतो. फोनवर चार जणांची खोली मिळते, चाळीस अल्पवयीन मुलांना एकाच छपराखाली जबाबदारीने ठेवणारी जागा अजूनही बहुधा शिरमानच्याच परंपरेतली निघते. शेंगेनने सरहद्द पुसली ती आत असलेल्यांसाठी. बाहेरून येणाऱ्यासाठी ती उलट एकवटून पहिल्याच दारावर आली.

मुंबई-पुण्यातल्या वास्तुकला, कला किंवा व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांचे गट दरवर्षी त्याच दारावर उभे राहतात. त्यांच्यासाठी ना सामूहिक पासपोर्ट आहे, ना शाळेची यादी. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, बोटांचे ठसे वेगळे, किमान तीस हजार युरोंचा प्रवास-विमा वेगळा. तरीही शेंगेन व्हिसाच्या नियमावलीत शंभर वर्षांच्या त्या परंपरेचा एक धागा शिल्लक आहे, आणि तो आपल्याकडे फारसा वापरला जात नाही. अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचे शिक्षक यांना नव्वद युरोंचे व्हिसा-शुल्क माफ आहे. अर्ज केंद्राचा सेवा-आकार तेवढा भरावा लागतो. ही माफी पर्यटनाच्या सहलीला मिळत नाही. म्हणून महाविद्यालयाच्या पत्रात अभ्यासाचा हेतू, भेटीच्या संस्था आणि तारखा स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ज्या देशात मुक्काम सर्वांत मोठा त्याच देशाकडे करावा लागतो. तेव्हा सहल ठरवणाऱ्या प्राध्यापकांनी स्थळांची यादी करण्याआधी मुक्कामांची आणि कागदांची यादी करावी, आणि शुल्कमाफी पहिल्याच पत्रात मागून घ्यावी.