सिसिलियन डाव आणि देशी बुद्धिबळ

बुद्धिबळ मूळचे आमचे, म्हणून त्यातील सर्व मांडण्याही आमच्याच, असे विधान वारंवार कानी येते. त्याची परीक्षा एका डावावरून करू.

इ. स. १८३४ साली लंडन येथे फ्रेंच खेळाडू ला बूर्दोने व आयरिश खेळाडू मॅक्डॉनेल ह्यांच्यात ८५ डाव झाले. त्यांतील एका सिसिलियन डावात ला बूर्दोने काळ्या मोहऱ्यांनी ३७ चालींत जिंकला. अखेरीस त्याने वजीर दिला. पांढऱ्याचे वजीर व हत्ती शाबूत होते, तथापि काळ्याची तीन प्यादी बढतीच्या एक घर अलीकडे ओळीने उभी राहिली. ह्या चाली आज उपलब्ध आहेत त्या वॉकर नामक गृहस्थाने शेजारी बसून टिपून ठेवल्या म्हणून. हे पुण्यकर्म आमच्याकडे कोणी केलेले आमच्या पाहण्यात नाही.

सिसिलियनचा उल्लेख पोलेरिओच्या इ. स. १५९४ च्या सुमाराच्या हस्तलिखितात आहे. पांढरा राजापुढील प्यादे दोन घरे सरकवितो, तोच काळा वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे काढतो. देशी रिवाजात प्याद्यास सामान्यतः एकच घर; तेव्हा ही मांडणी ह्या रूपाने आमची असणे शक्य नाही. शिवाय उंटाच्या पट्टीतील प्यादे देशी नियमाने उंटच होते. म्हणजे त्या तीन प्याद्यांपैकी एकाचे मोल इकडे बरेच घटते! कलकत्त्याच्या महेशचंद्रांनी कॉक्रेनविरुद्ध योजिलेल्या संथ मांडण्या, ज्यांवरून ‘इंडियन’ बचाव हे नाव पडले, त्या मात्र ह्याच एकेक घराच्या सवयीतून आल्या असाव्यात, असे आमचे मत आहे.

करवीरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक, त्या चालुक्यांपैकी सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त क्रीडाविंशतीमध्ये चतुरंग आहे, मूळच्या पैठणकर भट्टकुलातील नीलकंठाच्या ‘नीतिमयूखा’तही बुद्धिबळ आहे. मुंबईस इ. स. १८१४ साली छापलेले त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचे पुस्तक मुख्यतः कूटस्थितींचे आहे. नियम आहेत, कूटे आहेत. खेळलेला डाव नाही.

म्हणून संग्राहकांस विनंती की, बाडाच्या अखेरच्या कोऱ्या पानावर चौसष्ट घरांची आकृती आढळल्यास ते पान रद्दी समजू नये, आणि आकृतीखाली केवळ मात दाखविली आहे की चाली क्रमाने लिहिल्या आहेत, हे प्रथम पाहावे.